जाताना त्वचा देऊन जा

सत्काराच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं. "आईवडिलांना माझ्या कातड्याचे जोडे करून घातले, तरी त्यांचे उपकार फिटणार नाहीत." टाळ्या पडतात, वक्ता डोळे पुसतो आणि कातडं जागच्या जागी राहतं. मी मात्र ते खरोखरच मागणार आहे. जोड्यांसाठी नाही, भाजलेल्या माणसाच्या उघड्या जखमेवर घालण्यासाठी. आणि तेही तुम्ही गेल्यानंतर, जेव्हा त्याचा तुम्हाला काडीचाही उपयोग उरलेला नसेल.

नेत्रदानाचं आता कुणाला नवल वाटत नाही. गावोगावच्या मंडळांनी फॉर्म भरून घेतले आहेत. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांच्या दानाच्या बातम्या पेपरात येतात, रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा केल्याचे फोटो येतात. त्वचेचं नाव काढलं की मात्र चेहरे बदलतात. "म्हणजे सोलतात?" हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारतं, कुणी मनात ठेवतं, पण पडतो सगळ्यांनाच. तेव्हा आधी त्याचंच उत्तर देऊ.

सोलत नाहीत. काढतात तो अगदी वरचा थर, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ. जाडी मिलीमीटरच्या अर्ध्याहूनही कमी. तोही चेहऱ्यावरून, हातांवरून, छातीवरून नाही. मांड्या, पोटऱ्या आणि पाठ एवढ्याच भागावरून. खालची जाड त्वचा जागेवरच राहते. मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबलेलं असतं, त्यामुळे रक्त वाहत नाही. जिथून थर काढला ती जागा थोडी फिकी दिसते, एवढंच. तिच्यावर पट्टी बांधतात, वर कपडे येतात. अंत्यदर्शनाला येणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांच्या वेळी हे मी जवळून पाहिलं. त्वचापेढीची माणसं आली ती एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि एक मदतनीस. सोबत दोन पेट्या. त्यांनी घरच्यांकडे एक खोली मागितली, चांगला उजेड आणि दार लावून घेण्याची परवानगी मागितली. बाकी काही नाही. आत जाऊन त्यांनी पाय आणि पाठ जंतुनाशकाने स्वच्छ केली, केस काढले, त्वचेला तेलकट द्रव लावला आणि मग डर्मॅटोम नावाचं यंत्र चालवलं. हातात मावणाऱ्या या यंत्राचं पातं झपाट्याने डावीउजवीकडे हलतं आणि किती जाडीचा थर घ्यायचा ते आधीच ठरवून ठेवता येतं. पातळ, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या लांबट पट्ट्या निघतात आणि त्या लगेच बरणीतल्या द्रावणात जातात. तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेतला, पट्ट्या बांधल्या, अंगावर धोतर नीट घातलं. पाऊण तासात दार उघडलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन आजींना नमस्कार केला तेव्हा आजींनी एवढंच विचारलं, "झालं? आता आंघोळ घालू ना?" झालं होतं. पुढचं सगळं रीतीप्रमाणे पार पडलं.

आता ती त्वचा लागते कशाला, ते सांगायला हवं. इथे थोडा वेळ थांबा, कारण हे नीट कळलं की बाकी फारसं पटवावं लागत नाही.

माणूस किती भाजला हे मोजायची डॉक्टरांची एक सोपी रीत आहे. मोठ्या माणसाचं अंग नऊ-नऊ टक्क्यांच्या वाट्यांत धरायचं. डोकं आणि मान मिळून ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, पुढून छाती-पोट १८, पाठ १८, आणि उरलेला १ जननेंद्रियाचा. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचा पदर पेटला आणि साडी कमरेखाली जळत गेली, तर दोन्ही पाय आणि पुढचं धड मिळून ५४ टक्के होतात. सिंथेटिक कापड असेल तर ते वितळून अंगाला चिकटतं, म्हणजे जखम खोल. आपल्याकडे "इतके टक्के भाजली" हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्या टक्क्यांचा खरा अर्थ असा की तेवढ्या अंगावर आता झाकणच उरलेलं नाही.

त्वचा गेली की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. आतलं पाणी, क्षार आणि प्रथिनं बाहेर झिरपू लागतात, आणि बाहेरचे जंतू आत शिरू लागतात. पहिले काही दिवस सलाइनच्या जोरावर निभावता येतात. पुढे गाठतो तो जंतुसंसर्ग. आगीतून वाचलेला माणूस दहा-पंधरा दिवसांनी "सेप्टिक होऊन गेला" असं आपण ऐकतो, ते यामुळे. शिवाय वेदना. भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंग बदलायची वेळ झाली की रुग्ण आधीच रडायला लागतात. उघड्या मज्जातंतूंना नुसती हवा लागली तरी ती सोसवत नाही.

यावरचा कायमचा इलाज म्हणजे रुग्णाची स्वतःची त्वचा. न भाजलेल्या मांडीवरून पातळ थर काढायचा आणि जखमेवर लावायचा. ती रुजते आणि तिथलीच होऊन जाते. वीस टक्के भाजलेल्याला हे जमतं. पण साठ टक्के भाजलेल्याच्या अंगावर घ्यायला त्वचा शिल्लक असते कुठे? आहे त्या थोड्या जागेवरून एकदा काढली की ती जागा भरून यायला दोनेक आठवडे जातात. मग पुन्हा तिथूनच काढायची. तोवर उरलेली जखम उघडी ठेवायची का?

तिथे दुसऱ्याची त्वचा कामाला येते. दात्याची त्वचा जखमेवर पसरली की झिरपणं थांबतं, जंतूंची वाट अडते, वेदना एकदम उतरते. ती कायम टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला परकी ठरवून टाकून देतं. पण तेवढ्या मुदतीत रुग्णाची ताकद भरून येते आणि स्वतःची त्वचा पुन्हा काढण्याजोगी होते. कायमची राहायची नसल्यामुळेच रक्तगट जुळवावा लागत नाही, रंग जुळवावा लागत नाही, बाई-पुरुष पाहावं लागत नाही. कुणाचीही त्वचा कुणालाही चालते. मूत्रपिंडासारखी प्रतीक्षायादी आणि जुळणीची कटकट इथे नाही.

शरीर परकी त्वचा का नाकारतं, हे कळलं तेसुद्धा भाजलेल्या माणसांमुळेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोच्या रुग्णालयात गॅसच्या शेगडीवर पडून भाजलेली एक तरुणी होती. टॉमस गिब्सन हे शल्यचिकित्सक आणि पीटर मेडावर हे प्राणिशास्त्रज्ञ यांनी तिच्या जखमांवर तिच्या भावाच्या त्वचेचे लहान तुकडे लावले. ते काही दिवस रुजले, मग गळाले. पुन्हा त्याच भावाची त्वचा लावली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळाली. म्हणजे शरीराने पाहुण्याला ओळखून ठेवलं होतं. १९४३ साली छापलेल्या त्या निरीक्षणातून अवयव प्रत्यारोपणाचं आजचं शास्त्र उभं राहिलं, आणि मेडावर यांना १९६० साली नोबेल मिळालं. आज कुणाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं जातं, त्यामागे त्या बहीणभावाच्या त्वचेचे तुकडे आहेत.

काढलेली त्वचा लगेच वापरावी लागत नाही, ही दुसरी सोय. पेढीत ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, साध्या फ्रिजच्या थंडाव्यात ठेवतात. ग्लिसरॉल तिच्यातलं पाणी शोषून घेतं आणि जंतूंना मारतं. ही पद्धत नेदरलँड्समधल्या बेव्हरवाइकच्या त्वचापेढीने १९८०च्या दशकात बसवली, आणि तिला महागडी शीतयंत्रं लागत नसल्यामुळे आपल्यासारख्या देशांना ती परवडते. दात्याच्या रक्ताचे अहवाल स्वच्छ आले, जंतूंची तपासणी झाली, की अशी त्वचा ५ वर्षांपर्यंत ठेवता येते. वापरायच्या वेळी सलाइनने धुऊन घ्यायची, बस. मोठा भाजलेला रुग्ण असेल तर एका दात्याची त्वचा पुरत नाही, एकाहून जास्त दाते लागतात. हे ध्यानात ठेवा, कारण "आमच्या एकट्याच्या देण्याने काय होणार" असं म्हणून सुटता येण्यासारखी ही गोष्ट नाही. उलट एकेकटे मिळूनच इथे एक माणूस वाचतो.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे, पुण्यात आणि नागपुरातही आहेत. तरी मागणी आणि साठा यांचं गणित कुठेच जुळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. मृत्यू तर आपल्याकडे रोज घरोघर होतात. साठा रिकामा राहतो तो माणसं दुष्ट आहेत म्हणून नव्हे. त्या वेळी कुणाला आठवत नाही म्हणून.

आणि वेळ असते ती फक्त सहा तास. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचा काढायला हवी.

सहा तास म्हटल्यावर लोक दचकतात. "इतक्या घाईत कसं जमणार?" पण आपल्या घरात मृत्यू झाल्यावर काय होतं ते आठवून पाहा. पहिल्या अर्ध्या तासात रडारड आणि फोन. मग डॉक्टर येऊन दाखला देतात. मग वाट पाहणं सुरू होतं. मुलगी नागपूरहून निघाली आहे, धाकटा बेंगळुरूच्या विमानात आहे, मामा येईपर्यंत उचलायचं नाही असं ठरतं. कुणी स्मशानभूमीत फोन लावतो, कुणी सामान आणायला जातो, खाली खुर्च्या मांडल्या जातात, शेजारून चहा येतो. तास न् तास जातात. त्याच वेळात पाऊण तासाचं हे काम सहज होऊन जातं. कोणाचं दर्शन चुकत नाही, कोणता विधी अडत नाही. फक्त आंघोळ घालायच्या आधी ते उरकावं. दहन असो की दफन, त्यानंतर दोन्हीला कसलीही आडकाठी नाही.

सर्वांत मोठा गैरसमज इथे दूर करतो. मृत्यूनंतर मूत्रपिंड किंवा यकृत द्यायचं तर माणूस रुग्णालयात, यंत्रावर, मेंदूमृत ठरलेला असावा लागतो. त्वचेला यातलं काही लागत नाही. घरी, झोपेत, म्हातारपणाने गेलेला माणूसही त्वचा देऊ शकतो. डोळ्यांचंही तसंच आहे, म्हणून दोन्ही एकाच वेळी द्या. त्वचेसाठी वयाची अट अठराच्या पुढची, वरची मर्यादा नाही. मधुमेह होता, रक्तदाब होता, हृदयविकाराने गेले, चालतं. चालत नाही ते एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग किंवा अंगभर पसरलेला त्वचारोग. शंका असेल तर तुम्ही ठरवू नका. फोनवर पेढीच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. अपघाती मृत्यू असेल, शवविच्छेदन व्हायचं असेल, तर पोलिसांची परवानगी लागते. तेही पेढीची माणसं सांगतील.

कागदपत्रं फार नाहीत. मृत्यूचा डॉक्टरी दाखला, मृताचं आणि संमती देणाऱ्या जवळच्या नातलगाचं ओळखपत्र, संमतीपत्रावर सही आणि साक्षीदार. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचेही नाहीत. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीने त्वचेसारख्या ऊतींचाही समावेश झाला आहे आणि त्यांची खरेदीविक्री हा गुन्हा आहे.

आता एक कडू गोष्ट. तुम्ही हयातीत फॉर्म भरला, कार्ड पाकिटात ठेवलं, त्याने मनाला बरं वाटतं, पण त्या दिवशी सही करायची असते ती घरच्यांनी. त्यांना माहीतच नसेल किंवा त्यांच्यातला एकजण अडून बसला, तर तुमच्या कार्डाला कुणी विचारत नाही. आपल्याकडे अडून बसणारा बहुधा सर्वांत जवळचा नसतो. तो लांबचा चुलता किंवा जाणता शेजारी असतो, जो म्हणतो, "कशाला आता त्यांची विटंबना?" बायकोत, मुलांत तेव्हा भांडायचं बळ नसतं. म्हणून हे आधी बोलून ठेवायचं असतं, चारचौघांत, स्पष्ट. "मी गेल्यावर माझी त्वचा आणि डोळे द्यायचे. कुणी आडवं आलं तर सांगा, मीच सांगून ठेवलं होतं." घरच्यांच्या हातात एवढं वाक्य असलं की त्यांना कुणाशी वाद घालावा लागत नाही.

विटंबनेचं म्हणाल, तर जे शरीर तासाभरात अग्नीला द्यायचं आहे त्यातला एक पापुद्रा आधी काढला, म्हणजे विटंबना कशी? "पुढच्या जन्मी त्वचेशिवाय जन्माला येईल" असंही ऐकलं आहे. त्या हिशेबाने दहन झालेला प्रत्येकजण बिनशरीराचा जन्मायला हवा. अवयवदानाच्या पत्रकांवर दधीची ऋषींचं चित्र छापतात, तेही मला पटत नाही. दधीचींनी अस्थी देता याव्यात म्हणून प्राण सोडले. आपल्याला तसलं काही करायचं नाही. फुकट जाणारी वस्तू वेळेवर पोचवायची आहे, आणि इतक्या साध्या कामाला त्यागाचं मखर घातलं की सामान्य माणूस "हे आपल्यासारख्याचं नाही" म्हणून बाजूला होतो.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की ही सोय मोठ्या शहरांपाशी आहे. गडचिरोलीतल्या किंवा तळकोकणातल्या गावात सहा तासांत पथक पोचणं आज अवघड आहे. तिथल्या वाचकांनी जवळच्या नेत्रपेढीशी नातं जोडावं, आणि जिल्हा रुग्णालयात भाजलेल्यांसाठी काय सोय आहे हे आपल्या लोकप्रतिनिधीला विचारावं. हा प्रश्न त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

आणि देण्याआधी, भाजू नये म्हणून आणि भाजल्यावर काय करायचं, तेही घरात सगळ्यांना ठाऊक हवं. ओट्यापाशी पदर किंवा ओढणी खोचून घ्या. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत. रॉड लावलेल्या बादलीपाशी मूल एकटं नको. भाजलंच तर नळाखाली साधं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांतलं काही नाही, कारण ते सगळं नंतर जखमेतून खरवडून काढावं लागतं. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा, स्वच्छ धुतलेल्या कापडाने झाका आणि दवाखाना गाठा.

बाकी काम आजच होण्यासारखं आहे. तुमच्या शहराला जवळची त्वचापेढी कोणती ते शोधा. तिच्या फोनवर दिवसा एकदा बोलून घ्या: रात्री-अपरात्री पथक येतं का, किती अंतरापर्यंत येतं, कोणते कागद लागतात. तो नंबर घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये 'त्वचापेढी' या नावाने ठेवा आणि फ्रिजवर गॅसच्या नंबराशेजारी चिकटवा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा, कारण दाखला द्यायला तेच येणार. आणि वेळ आली की दाखला हातात पडल्याबरोबर पहिला फोन पेढीला लावा. धाकटा विमानात असला, तरी तो उतरायची वाट पाहू नका.